रकान्यात मावणारे अक्षर

पुण्यातल्या मराठी दैनिकांत छोट्या जाहिरातींच्या पानावर 'जाहीर नोटीस' अशा मथळ्याच्या चौकटी असतात. मौजे अमुक, तालुका मुळशी, जिल्हा पुणे येथील गट नंबर अमुक, क्षेत्र इतके हेक्टर इतके आर ही मिळकत आमचे अशील खरेदी करीत आहेत. कोणाचा हक्क, हितसंबंध किंवा दावा असल्यास इतक्या दिवसांत कागदपत्रांसह कळवावे, नाहीतर कोणाची हरकत नाही असे समजून व्यवहार पुरा केला जाईल, असा त्यांचा ठरीव मजकूर. हिंजवडी-माणपासून पिरंगुट, पौड आणि थेट धरणाच्या पाण्यापर्यंत जिथे जमिनीचे व्यवहार सतत चालू असतात, तिथल्या माणसाने ही चौकट वाचायची असते. अनेकदा ती वाचता येत नाही. कायद्याची भाषा अवघड असते हे कारण नव्हे. ती भाषा सवयीने कळते. अक्षरच वाचता येत नाही. जाहिरातीचा दर जागेवर ठरतो, म्हणून मजकूर तेवढाच ठेवून अक्षर दोन्ही बाजूंनी दाबलेले असते.

हा लेख त्या दाबलेल्या अक्षराविषयी आहे. कमी रुंदीचे, जाड, ठाशीव अक्षर ही छपाईची जुनी गरज आहे. रोमन लिपीने ती गरज एका विशिष्ट घडणीने भागवली. त्या घडणीला छपाईच्या धंद्यात कंडेन्स्ड स्लॅब-सेरिफ म्हणतात. कंडेन्स्ड म्हणजे चिंचोळे. सेरिफ म्हणजे रोमन अक्षराच्या उभ्या रेघेला वर-खाली असणारी छोटी आडवी बैठक. आणि ही बैठक जेव्हा बारीक, निमुळती न ठेवता विटेसारखी जाड आणि चौकोनी करतात, तेव्हा ती स्लॅब. आपल्या लिपीत ही घडण जशीच्या तशी आणता येत नाही. का येत नाही हे कळले, की नोटिशीतले अक्षर का फुटते तेही कळते.

विटेची बैठक

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत युरोपातले छापील अक्षर मुख्यतः पुस्तकासाठी घडवलेले होते. मग कारखाने आले, लॉटऱ्या आल्या, नाटके-सर्कशी आल्या, आगगाड्या आल्या आणि भिंतीवर चिकटवायच्या कागदाला महत्त्व आले. लांबून, चालता चालता वाचता येईल असे अक्षर हवे होते. व्हिन्सेंट फिगिन्स या लंडनच्या अक्षर-ओतकाने १८१५ च्या सुमारास जाड चौकोनी बैठकीचे टाइप विक्रीस काढले. अशा अक्षरांना पुढे 'इजिप्शियन' म्हणू लागले. नेपोलियनच्या इजिप्तच्या स्वारीनंतर तिकडे त्या देशाचे वेडच लागले होते, त्यामुळे नाव खपले. पिरॅमिडशी त्याचा संबंध तेवढाच.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा टाइप मात्र १८४५ चा. लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीत रॉबर्ट बेस्ली याने 'क्लॅरेंडन' बाजारात आणला. त्याचे पोलादी ठसे बेंजामिन फॉक्सने कोरले होते. इंग्लंडच्या कायद्यानुसार त्याची नोंदणी करून बेस्लीने तीन वर्षांचे संरक्षण मिळवले. ती तीन वर्षे संपताच इतर फाउंड्यांनी नकला सुरू केल्या. आज क्लॅरेंडन म्हटले की रुंद, गुबगुबीत अक्षर डोळ्यांपुढे येते, पण मूळचा क्लॅरेंडन चिंचोळा होता आणि तो भिंतीसाठी नव्हता. साध्या मजकुराच्या ओळीत एखादा शब्द उठून दिसावा, पण त्याने जास्त जागा खाऊ नये, अशी त्याची कामगिरी होती. शब्दकोशातला मुख्य शब्द हे त्याचे ठरलेले ठिकाण.

इथे एक मजेची गोष्ट दिसते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची, म्हणजे क्लॅरेंडननंतर बारा वर्षांची. त्या कोशाला अशा ठळक अक्षराची गरजच नव्हती. मुख्य शब्द देवनागरीत आणि स्पष्टीकरण रोमन लिपीत. डोळ्याला लिपीच वेगळी दिसते. पुढे दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ पासून खंडाखंडाने निघू लागला, त्यात शब्दही देवनागरी आणि अर्थही देवनागरी. ठळक, तरी जागा न खाणाऱ्या देवनागरी अक्षराची गरज तिथे खरी लागली.

चिंचोळे करूनही स्लॅब-सेरिफ वाचता का येते? रोमन अक्षरे सुटी असतात. ती जवळ आणली की एकमेकांना चिकटण्याचा धोका असतो. जाड बैठका तिथे दोन कामे करतात. शेजारच्या दोन उभ्या रेघांमध्ये त्या ठरावीक अंतर राखतात, आणि वरच्या व खालच्या बाजूला एक तुटक पण भक्कम आडवी ओळ तयार करतात, जिच्यावरून डोळा सरकतो. अक्षर अरुंद झाले तरी शब्दाची पट्टी मोडत नाही. शिवाय अरुंद अक्षर उंच करता येते. तेवढ्याच रुंदीच्या कागदावर दुप्पट उंचीचे अक्षर बसले, तर लांबून दिसायला तेच पाहिजे असते. अमेरिकेत डेरियस वेल्सने १८२७ च्या सुमारास यंत्राने लाकडी टाइप कोरायला सुरुवात केल्यावर वीतभर उंचीची असली अक्षरे स्वस्त झाली. काउबॉय चित्रपटात फरारी गुन्हेगाराच्या पोस्टरवर जे अक्षर दिसते ते याच कुळातले.

आपली वीट डोक्यावर

आता देवनागरी. आपल्या लिपीला आडवी जाड पट्टी आधीपासून आहे. ती पायाशी नसून डोक्यावर आहे, आणि ती तुटक नसून सलग आहे. शिरोरेषा शब्दाला एकत्र बांधते. त्यामुळे डोळ्याला ओळ सापडण्याचा प्रश्न आपल्याला नाही. पण बैठकीचे दुसरे काम, म्हणजे दोन अक्षरांमध्ये अंतर राखणे, शिरोरेषा करत नाही. ती उलट जोडते. कुठे एक अक्षर संपले आणि दुसरे सुरू झाले, हे आपण शिरोरेषेखालच्या मोकळ्या जागेवरून ओळखतो. ती जागा आक्रसली की अर्थ बदलतो. 'ख' आणि 'रव' यांचा घोळ जुनाच आहे. लिपिसुधारणेच्या चर्चांत तो इतका गाजला की 'ख'चे दोन भाग खाली जोडून लिहिण्याची रीत त्यातूनच रूढ झाली.

दुसरी अडचण उंचीची. रोमन अक्षर उंच करून जागा वसूल करते. देवनागरी शब्द मुळातच तीन मजली आहे. 'पिरंगुट' लिहून पाहा. वर वेलांटी, अनुस्वार, मध्ये अक्षराचा देह, खाली उकार. एका ओळीला जेवढी उंची मिळते, तिच्यातली बरीचशी वरच्या आणि खालच्या मजल्याला जाते आणि मूळ अक्षराच्या वाट्याला जेमतेम निम्मी उरते. रफार आणि अनुस्वार एकत्र आले, किंवा जोडाक्षराखाली उकार आला, तर आणखी कमी. चिंचोळेपणाने आडवी जागा वाचते खरी, पण ती उंचीत गुंतवायला आपल्याकडे वाव थोडा.

तिसरी गोष्ट लेखणीची. रोमन लेखणीचे टोक ज्या बाजूला तिरके कापतात, त्याच्या उलट बाजूला बोरूचे टोक कापतात. म्हणून रोमनमध्ये डावीकडून उजवीकडे उतरणारी तिरकी रेघ जाड पडते आणि देवनागरीत उजवीकडून डावीकडे उतरणारी. शिरोरेषा आणि काना, म्हणजे आडवी आणि उभी रेघ, बोरूने जवळपास सारख्याच जाडीच्या येतात. ही सारखी जाडी देवनागरीच्या चेहऱ्याचा कणा आहे.

आता हेच अक्षर संगणकावर सत्तर टक्के रुंदीला दाबले तर काय होते, याचे गणित कोणीही करू शकतो. समजा मूळ अक्षरात काना दहा एकक जाड आहे आणि शिरोरेषाही दहा. दाबल्यावर काना सातवर येतो. शिरोरेषा मात्र दहाच राहते, कारण दाब आडवा आहे आणि तिची जाडी उभी मोजली जाते. घराचे छप्पर तेवढेच जड आणि वासे बारीक, असे ते चित्र. रोमन स्लॅब-सेरिफमध्ये जाड बैठका आणि बारीक उभ्या रेघा असा उलटा थाट सर्कशीच्या पोस्टरांत मुद्दाम केला गेला आणि तो तिथे शोभतोही. देवनागरीत तो शोभत नाही, कारण आपल्या बहुतेक व्यंजनांची ओळख कान्याशी बांधलेली आहे.

त्याहून वाईट परिणाम शिरोरेषेतल्या फटीवर होतो. 'भ' आणि 'म', 'ध' आणि 'घ' या जोड्या पाहा. 'म' आणि 'घ' यांच्या डोक्यावर रेषा पूर्ण आहे. 'भ' आणि 'ध' यांच्या डोक्यावर ती डावीकडे तुटलेली आहे आणि तिथे छोटा वळसा आहे. हा फरक आडवा आहे, म्हणून आडव्या दाबात तोच आधी मरतो. फट सत्तर टक्क्यांवर येते. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई थोडी पसरते आणि उरलेली फट बुजते. मग मुळशी तालुक्यातले 'भरे' गाव 'मरे' होते, 'भादस'चे 'मादस' होते, आणि 'घोटावडे' की 'धोटावडे' हे आधीच माहीत असल्याशिवाय सांगता येत नाही. 'खेचरे' आणि 'रवेचरे' यांचे काय होते ते वर आलेच आहे.

लवळे हे आणखी कठीण नाव. पाकळीचा मराठी 'ल' आणि त्यापाठोपाठ 'ळ', दोन्ही दोन-दोन गोलांवर उभे, दोन्हींना हवी ती रुंदीच. हिंदी वळणाचा 'ल' कान्याला टेकलेला असल्यामुळे तुलनेने बरा दाबला जातो. मराठी 'ल' दाबला की पाकळ्या मिटतात आणि काळा ठिपका उरतो. 'ळ'चे तर हाल विचारू नयेत. हिंदीला तो नेहमीच्या लिखाणात लागत नाही, त्यामुळे हिंदी बाजार डोळ्यांपुढे ठेवून आखलेल्या टंकांत तो अनेकदा सावत्र लेकरासारखा असतो. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' हीच मराठीची प्रमाण रूपे ठरवली. निर्णय योग्यच होता. पण रुंदीची गरज जिथे सर्वांत तीव्र, त्या मथळ्यांत, फलकांवर आणि नोटिशींत तो सर्वांत कमी पाळला जातो. मला यात आळसापेक्षा भूमितीचा हात जास्त दिसतो. चिंचोळ्या जागेत हिंदी वळण सोपे पडते, म्हणून तेच टिकते. आणि 'मुळशी' या नावात तर 'ळ' आणि 'श' दोन्ही आहेत!

खिळे, ब्लॉक आणि ब्रश

मराठी छापखान्यांनी शंभर-दीडशे वर्षे हा प्रश्न कसा सोडवला? बहुतांशी सोडवलाच नाही, आणि त्याचे कारण हिशेबाचे आहे. रोमन टाइपचा एक संच म्हणजे मोठी-लहान अक्षरे, आकडे, विरामचिन्हे मिळून शंभराच्या आत-बाहेर ठसे. देवनागरीला काना-मात्रा, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, उकार जोडलेली रूपे धरून खिळ्यांची संख्या शेकड्यांनी मोजावी लागते. एका आकाराला एवढे पोलादी ठसे हाताने कोरायचे, मग साचे, मग ओतकाम. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहमने देवनागरी टाइपवर मोठे काम केले. त्याच छापखान्यात लहानपणी कामाला लागलेल्या जावजी दादाजींनी १८६४ मध्ये स्वतःची टाइप फाउंड्री काढली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू यांच्या हातच्या ठशांनी निर्णयसागरचे अक्षर देशभर पोचले. त्या सुबक अक्षराविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, मी भर घालत नाही. मुद्दा एवढाच, की साध्या अक्षराचे आणि ठळक अक्षराचे वेगवेगळ्या आकारांचे संच करतानाच फाउंडीचा दम संपायचा. त्यात पुन्हा चिंचोळा संच वेगळा करायचा, तर तितकेच ठसे नव्याने कोरावे लागणार. लोकमान्य टिळकांनी 'केसरी'साठी टाइपांची संख्या कमी करण्याच्या खटपटीत वेळ घातला तो उगाच नव्हे. शिशाचा खिळा दाबून चिंचोळा करता येत नाही, ही आजच्या दृष्टीने त्याची थोर सोय होती.

मग अरुंद रकान्यात मोठे नाव बसवायचे कसे? हाताने काढून, ब्लॉक करून. देवनागरीतले खरे चिंचोळे ठळक अक्षर टाइपात जन्मले नाही, ते चित्रकाराच्या ब्रशातून आणि पेनमधून आले, असे माझे मत आहे. कुस्त्यांच्या जंगी मैदानाची हस्तपत्रके, तमाशाची पोस्टरे, नाटकांच्या जाहिराती या त्याच्या शाळा. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांची जी शीर्षके काढली, ती वर्तमानपत्रातल्या अरुंद जाहिरातीत बसायची होती. ती अक्षरे नाटकाचा स्वभाव कसा सांगतात याचे कौतुक नेहमी होते आणि ते रास्तच आहे. मला मात्र त्यांतली काटकसर पाहावीशी वाटते. कुठे काना खाली लांबवून वरची जागा मोकळी केली, कुठे वेलांटी शेजारच्या अक्षरावरून नेली, कुठे मात्रा शिरोरेषेतच मुरवली. पण अक्षराच्या पोटातली पोकळी राखली. हाताने काढणारा माणूस प्रत्येक अक्षराला विचारतो, तुझे काय कमी केले तर चालेल? प्रत्येकाचे उत्तर वेगळे असते. 'ग'चा काना जवळ आणता येतो. 'ट', 'ठ', 'ढ' यांचा गोल लंबगोल करता येतो. 'क' आणि 'फ' मध्ये काना मधोमध असल्यामुळे दोन्ही बाजू थोड्या थोड्या कापाव्या लागतात. 'ळ'चे कमी करण्यासारखे फार नसतेच, म्हणून त्याला इतरांपेक्षा थोडी जास्त रुंदी देऊन टाकायची आणि ती भरून काढायची शेजाऱ्यांकडून.

किलोमीटरचे दगड रंगवणारे पेंटर हेच करतात. चांदणी चौकातून ताम्हिणीकडे जाणाऱ्या रस्त्याने जाताना कधी थांबून दगड बघा. दगडाची रुंदी ठरलेली, गावाचे नाव कमी-जास्त. हाताने रंगवलेल्या दगडावर 'पौड' ऐसपैस बसते आणि 'ताम्हिणी' आखडून, पण 'ताम्हिणी'तला 'म्हि' फुटत नाही, कारण पेंटरने काने बारीक न करता जवळ आणलेले असतात. ब्रशची जाडी तीच राहते. ब्रश बदलल्याशिवाय रेघ बारीक होऊच शकत नाही. साधनाची मर्यादा इथे अक्षराच्या कामी येते.

टक्क्यांची चौकट

संगणकावर अक्षरजुळणी सुरू झाली आणि ही मर्यादा गेली. पुणे हे त्या बदलाचे एक केंद्र होते. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने भारतीय लिप्यांसाठी केलेले काम आणि मॉड्युलर इन्फोटेकची 'श्री-लिपी' यांनी मराठी डीटीपीचा धंदा उभा केला, हे श्रेय मोठे आहे. पण त्याच वेळी ऑपरेटरच्या हाती रुंदीच्या टक्क्यांची चौकट आली. कोरल ड्रॉमध्ये तर आकडाही लिहावा लागत नाही, शब्दाच्या बाजूचा काळा ठिपका माउसने पकडून आत ढकलला की झाले. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर नेत्याचा फोटो जितका रुंद, तितकी शुभेच्छुकांची नावे चिंचोळी, हा नियम सर्वांनी पाहिलेला आहे. तिथे फारसे काही बिघडत नाही. आपले नाव कुठे आहे हे शुभेच्छुकाला पाठ असते.

अलीकडच्या काळात मुळातच चिंचोळे आखलेले देवनागरी टंक आले आहेत. इंडियन टाइप फाउंड्रीचे 'खंड' आणि 'टेको' हे त्यांतले दोन. मोफत मिळतात, त्यामुळे बातम्यांच्या पडद्यापासून लग्नपत्रिकेपर्यंत पसरले. 'टेको' चौकोनी वळणाचा आहे, आकडे आणि छोटे मथळे यांना चांगला. सलग मजकुराला मी तो वापरणार नाही. 'कर्म' या टंकाचा रोमन भाग खराखुरा स्लॅब-सेरिफ आहे. त्याच्या देवनागरीला अर्थातच पायाशी विटा नाहीत, रेघांची जाडी सारखी आणि भक्कम ठेवून दोन्ही लिप्यांचा रंग जुळवलेला आहे. माझ्या मते हाच सुज्ञ मार्ग. देवनागरीच्या कान्याखाली रोमन बैठका चिकटवण्याचे प्रयोग अधूनमधून दिसतात. त्यात दोन शेजारच्या बैठका एकमेकींना भिडतात आणि खालीही एक शिरोरेषा असल्याचा भास होतो.

मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'अनेक' हा टंकसमूह २०२२ मध्ये आला, तो मला या विषयात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नऊ भारतीय लिप्या आणि रोमन, आणि प्रत्येकात रुंदी कमी-जास्त करण्याची सोय. साधी रुंदी शंभर धरली तर पंचाहत्तरपासून सव्वाशेपर्यंत. ऐकायला हे कोरल ड्रॉतल्या टक्क्यांसारखेच वाटते, पण आत फरक आहे. इथे अरुंद टोकाची अक्षरे माणसाने वेगळी आखलेली आहेत आणि मधल्या रुंदी संगणक त्या दोन आखण्यांमधून काढतो. काना बारीक होत नाही, पोकळी प्रमाणात राहते. कमल शेडगे किंवा दगड रंगवणारा पेंटर जो प्रश्न अक्षराला विचारतो, तो एकदा विचारून उत्तर साठवून ठेवलेले आहे, असे म्हणा.

माझे या विषयाचे शिक्षण कोणत्या संस्थेत झालेले नाही. बापूराव नाईक यांचा देवनागरी मुद्राक्षरांवरचा १९७१ चा त्रिखंडी ग्रंथ, रद्दीतून आणलेली हस्तपत्रके आणि एक भिंग एवढीच सामग्री. त्यामुळे टंक निवडायची माझी कसोटीही घरगुती आहे. नवा टंक आला की मी त्यात एक ओळ लिहितो: मुळशी, लवळे, भरे, भादस, घोटावडे, खेचरे. त्यापुढे 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन शब्द. रफार चुकला तर गुरुजी स्वयंपाकघरात जातात. ही ओळ सर्वांत लहान आकारात साध्या कागदावर छापायची आणि तालुका न पाहिलेल्या माणसाला वाचायला द्यायची. पुस्तकी मजकुरात वाचक संदर्भाने चुकीचे अक्षर दुरुस्त करून वाचतो. गावाच्या आणि माणसाच्या नावाला तसा संदर्भ नसतो.

गट नंबर

आकड्याला तर मुळीच नसतो. आणि पुन्हा नोटिशीकडे यायचे ते त्यासाठी. 'मरे' वाचले तरी मुळशीचा माणूस 'भरे' समजून घेईल. पण गट नंबर १९१ आणि ११९ यांत कोणता खरा, हे कोणत्याही अनुभवाने कळत नाही. देवनागरी १ आणि ९ यांच्यात मुख्य फरक डोक्याजवळच्या गाठीचा. अरुंद, लहान आणि शाई पसरलेल्या छपाईत दोन्ही एक वळसा आणि एक शेपूट एवढेच उरतात. ३ आणि ६ एकमेकांचे आरशातले रूप, त्यांचीही पोकळी बुजते. क्षेत्रातला दशांश बिंदू दोन आकड्यांच्या मध्ये गडप होतो. हेक्टर-आरच्या हिशेबात एक बिंदू इकडे-तिकडे झाला तर चार गुंठ्यांचे चाळीस गुंठे होतात, कारण एक आर म्हणजे जवळपास एक गुंठाच.

या तालुक्यात जमिनीचा कागद ही काही रुक्ष गोष्ट नाही. टाटांच्या धरणासाठी जाणाऱ्या जमिनी वाचवायला १९२१ च्या रामनवमीला इथे सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापट त्याचे नाव होऊन बसले, आणि अखेर मावळ्यांची भातखाचरे पाण्याखाली गेली. शंभर वर्षांनंतर व्यवहार बहुतेक राजीखुशीचे आहेत. पण सामाईक सातबाऱ्यावर मुंबईला गिरणीत गेलेल्या काकाचे नाव असते, लग्न होऊन गेलेल्या आत्याचे असते. तिच्या मुलाला या व्यवहाराची खबर लागण्याच्या ज्या थोड्या वाटा आहेत, त्यांतली एक ही चौकट. ती कोणी मुद्दाम न वाचण्याजोगी करतो, असा माझा आरोप नाही. प्रसिद्ध झाली की नोटीस दिली गेली, एवढेच सगळे पाहतात; वाचली गेली का, हे पाहणे कोणाच्याच कामात बसत नाही.

खर्च न वाढवता यातले पुष्कळ सुधारता येईल. दाबलेल्या साध्या टंकाऐवजी मुळात अरुंद आखलेला टंक घेतला, तर जागा तेवढीच लागते. आकडे आणि गावाचे नाव एका आकाराने मोठे आणि न दाबता टाकावेत, बाकीचा मजकूर हवा तर लहान. धनादेशावर रक्कम आपण अंकी आणि अक्षरी दोन्ही लिहितो. गट नंबरही 'एकशे एक्याण्णव' असा अक्षरी लिहिता येईल. त्याला अर्धी ओळ लागेल. ती अर्धी ओळ 'हक्क, हितसंबंध, दावा, अधिकार, बोजा, गहाण, दान, बक्षीस, वहिवाट अगर अन्य कोणत्याही प्रकारचा' या माळेतून सहज निघते. वकिलांना ती माळ सोडवत नाही हे मला ठाऊक आहे. तेवढी माळच मग सत्तर टक्क्यांवर दाबावी.